पावसाळ्यात बाळ येणार आहे, कापडी लंगोट जमतील का?

आठवा_महिना
जुलैची तारीख आहे, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी एवढीशी. आई म्हणते लंगोटच वापर, जुन्या सुती साड्यांचे शिवून देते, आणि ऑफिसमधल्या मैत्रिणी म्हणतात कशाला नसता व्याप, डायपर घे सरळ. मला मनापासून कापडीच वापरायचेत पण पावसात वाळणार कसे आणि रात्रीचं काय? ते बटणांचे कापडी डायपर मिळतात ते कुणी वापरलेत का?

चिपळूणची_माई
अगं आमच्या चिपळूणच्या पावसात माझी दोन्ही पोरं लंगोटावर वाढली, बिनधास्त वापर. आई म्हणते तेच बरोबर, जुनंच कापड घे, नवीन सुती कापड चार-पाच धुण्यांशिवाय नीट शोषत नाही. पातळ लंगोट पंख्याखाली दोरीवर टाकला की वाळतो, वरून गरम इस्त्री फिरवायची म्हणजे दमटपणा जातो. आणि मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो म्हणजे शू झाली की लगेच कळतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वेळा तरी शू व्हायला हवी, दूध पुरतंय की नाही ते त्यावरूनच समजतं, डॉक्टरही हेच विचारतात. डायपरमधली जेल सगळं ओढून घेते मग किती वेळा झाली ते कसं कळणार? फक्त ओला लंगोट लगेच बदलायचा, ओल्यात ठेवलं तर कापडातही रॅश येतो.

दुसरटकर
बटणांचे वापरलेत. बाहेरून वॉटरप्रूफ कापड, आत सोकर म्हणजे शू शोषून घेणारी घडी. बाळ थोडं भरलं की छान बसतात, अगदी नवजात बाळाच्या बारीक मांड्यांना सैल होतात आणि गळतात, म्हणून आत्ता ढीगभर घेऊन ठेवू नका, आधी एक-दोन आणून बघा. जाड सोकर पावसात लवकर वाळत नाही हे पण खरं. धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि शोषणं कमी होतं. रात्री एक साधा डायपर लावलात तरी काही बिघडत नाही हो, तुमची झोप पण महत्त्वाची आहे.

कोथरूडचा_बाबा
पुण्यातच आहात म्हणून लिहितो. आपला कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळा द्यायचा असतो पण किती घरं देतात? आमच्याकडे कापडी सुरू झाले ते याच कारणासाठी. रात्रीचा एक डायपर असेल तरी तो असाच द्या प्लीज.

लेस्टरवाली
इथे ब्रिटिश सरकारचा 2023 चा रिपोर्ट आहे, त्यात धुऊन वापरायच्या नॅपीमुळे हवामानावरचा परिणाम फेकायच्या डायपरपेक्षा 25 टक्के कमी धरलाय. कापडीचा बराचसा भार धुण्या-वाळवण्याच्या विजेचा, त्यामुळे ड्रायरऐवजी दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले तर फायदा अजून वाढतो.

आठवा_महिना
खूप थँक्यू सगळ्यांना! आईला साड्या काढायला सांगते. लंगोट डेटॉलमध्ये भिजवायचे का?

चिपळूणची_माई
रोज नको गं. शी आधी संडासात झटकून टाकायची, मग साध्या साबणाने धुवायचे आणि भरपूर पाण्यात खळबळायचे, साबण राहिला तर कातडी लाल होते. ऊन पडलं की पहिले लंगोट बाल्कनीत, बाकीचे कपडे नंतर.