'व्हार' टॅगमधला 'चल' चालेल का?

मूळ प्रश्न

एचटीएमएलवर, म्हणजे वेबपानं रचायच्या भाषेवर, मराठीत टिपणं लिहितेय. टॅग म्हणजे मजकुराचा कुठला भाग काय आहे हे सांगणारी त्यातली खूण. 'कोड' टॅग झाला. 'केबीडी' म्हणजे वापरणाऱ्याने टंकायचा मजकूर आणि 'सॅम्प' म्हणजे प्रोग्रॅमने दाखवलेला मजकूर, तेही झाले. 'व्हार'पाशी गाडी अडली. हा टॅग व्हेरिएबलसाठी आणि शाळेच्या बीजगणितात व्हेरिएबलला 'चल' म्हणतात, म्हणून लिहिलं, "'व्हार' टॅग चल दाखवतो." वाचणाऱ्याने विचारलं, "दाखवतो चल? कुठे जायचंय?" हसले, पण वाक्य अडखळतं हे खरं. चल, चर, चलराशी की सरळ व्हेरिएबल?

प्रतिसाद

'चल' सोडू नका. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' सोडवलेल्या माणसाला तो शब्द नवा नाही. 'चर' हिंदीत रुळलाय; मराठीत चर म्हटलं की खणलेला चर डोळ्यांपुढे येतो. तुमची अडचण शब्दाची नाही, विभक्तीची आहे. प्रत्यय नसलेला एकटा 'चल' आज्ञार्थी वाटतो. 'चलाचे नाव', 'चलांसाठी' असं लिहिलंत की गोंधळ संपला. अगदीच नको असेल तर 'चलपद'.

प्रतिसाद

व्याकरण जमलं, अर्थाचं काय? या टॅगच्या आजच्या व्याख्येत खरं व्हेरिएबल तर आहेच, पण स्थिरांकाचं नाव, भौतिक राशीचं चिन्ह, फंक्शनचं पॅरामीटर (त्याला द्यायच्या मूल्याचं नाव) आणि गद्य मजकुरात नुसती जागा धरून ठेवणारा शब्द, एवढं सगळं बसतं. आइनस्टाइनच्या ऊर्जेच्या समीकरणातला 'सी' घ्या. प्रकाशाचा निर्वातातला वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, आणि १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच त्यावर बेतलेली. तसूभर न हलणाऱ्या या गड्याला 'व्हार'मध्ये ठेवायचं आणि 'चल' म्हणायचं?

मुळात जायचं तर १९९५ चं एचटीएमएल २.० बघा. तिथे 'व्हार'चं काम जागा धरण्याचं सांगितलंय. 'अमुक फाइल तपासायची तर ही आज्ञा द्या' या वाक्यातला जो 'अमुक', तो 'व्हार'. १९९९ च्या ४.०१ मध्ये व्हेरिएबल किंवा प्रोग्रॅमचं आर्ग्युमेंट (चालवताना त्याला दिलेलं मूल्य) असा अर्थ दिलाय, पुढे तो पसरत गेला.

म्हणजे बदलणं हा या टॅगचा गाभा नाहीच. दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभं राहणं, हा आहे. त्यासाठी मराठीत 'अमुक' आहे, 'क्ष' आहे. रॉन्टगेनने १८९५ मध्ये अनोळखी किरणांना 'एक्स' म्हटलं, आपण क्ष-किरण म्हणून मोकळे झालो; कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोड. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला 'अव्यक्त' म्हणतात. पहिली 'यावत्तावत्', पुढच्या कालक, नीलक, पीतक, म्हणजे रंगांची नावं. लिहिताना फक्त या, का, नी. रंगालाही वर्ण आणि अक्षरालाही वर्ण, हा योग मला फार आवडतो. 'अव्यक्त' आज वेबपानाच्या टिपणात कुणी लिहू नये. पण हलण्याबिलण्याची कल्पना तिथेही नाही, एवढं खरं.

प्रतिसाद

शब्द ठरवा, पण मराठी पानात 'व्हार' दिसतो कसा तेही टिपणात घाला. ब्राउझर त्यातलं अक्षर मूळचं तिरपं करतो. बहुतेक देवनागरी फॉन्टना वेगळा तिरपा साचाच नसतो, मग ब्राउझर उभ्या अक्षराला ढकलून कलंडवतो. शिरोरेखा आडवीच, काने तेवढे वाकलेले. 'क्ष' तर पडता पडता वाचल्यासारखा. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) 'व्हार'ची तिरपी शैली काढून रंग किंवा ठळकपणा द्या. आणि म्हणून 'व्हार' काढून अक्षर नुसतं तिरपं दाखवणारा साधा 'आय' टॅग वापरू नका (अर्धे लोक हेच करतात). आज दोन्ही सारखेच तिरपे दिसतील, पण उद्या फक्त चलांचा रंग बदलायचा झाला तर 'आय'मधून ते निवडणार कसे?

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. असं लिहितेय: "दुसऱ्या मूल्याच्या किंवा नावाच्या जागी उभं राहणारं चिन्ह किंवा शब्द 'व्हार'मध्ये ठेवावा." गणिताच्या उदाहरणात 'चल', आज्ञांच्या उदाहरणात 'अमुक'. एक शंका उरली. 'न मीटर' ('न' म्हणजे कुठलीही संख्या) लिहिताना दोन्ही शब्द 'व्हार'मध्ये घालायचे का?

प्रतिसाद

नाही, फक्त 'न'. मीटर हे एकक, ते कुणाच्या जागी उभं नाही. छापील गणितातही राशीचं चिन्ह तिरपं आणि एकक सरळ, हीच रीत. अंक आणि बेरजेची चिन्हंसुद्धा बाहेर ठेवा. सबंध समीकरण 'व्हार'मध्ये कोंबलेलं मी पाहिलंय, तसं नको. लांबलचक समीकरण असेल तर मॅथएमएल, म्हणजे वेबपानात गणित लिहायची भाषा, वापरा.