सोसायटी ग्रुप: मागची पट्टी, मोरी आणि चावी

शिल्पा (बी-१०२), सकाळी ७.०५
मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर कोणीतरी लाल रंगाने बाण काढून ७ लिहून गेलंय. चवथीआधी वर्गणी काढून रंगवलेली भिंत आहे ती. कमिटीला माहीत आहे का?

प्रकाश सेक्रेटरी, ७.३१
सुप्रभात. शुक्रवारी दोन माणसं टेप घेऊन आली होती, पालिकेकडून आलो म्हणाली. जुन्या रुळांच्या पट्टीवर लोकांना चालायला-फिरायला ट्रॅक करायचा विचार आहे, त्याची पहिली मोजणी. लेखी काही आलेलं नाही. कृपया अफवा पसरवू नयेत 🙏

शिल्पा
शुक्रवारी माणसं आली आणि आम्हाला रविवारी भिंतीकडून कळलं. अफवा कोण पसरवतंय?

वामनकाका (ए-२)
ट्रॅक करा नाहीतर बाग करा. रुळांच्या बांधाखालच्या मोरीचं काय? मिरग आठ दिवसांवर आला.

यश (सी-२०२)
ट्रॅक झाला तर भारीच. सकाळी चालायला जायचं तर बसस्टँडपर्यंत टिपर चुकवत जावं लागतं.

सुलभा वहिनी (ए-४)
नक्की कुठून कुठपर्यंत मोजली? माझ्या केळी आणि कढीपत्ता कुठल्या बाजूला येतो?

अनंत (बी-१)
वहिनी, केळी पट्टीतच आहेत. माझी गाडीची शेडपण. खोटं कशाला बोला. पण २८ वर्षं आपण ती जागा वापरतोय. सरकारी जमिनीवर ३० वर्षं काढली की हक्क लागतो म्हणे. दोनच वर्षांचा प्रश्न आहे, तेवढी कशीतरी ढकलली तर

अ‍ॅड. नीलेश (बी-३०४)
अनंतभाऊ, हे ग्रुपवर लिहू नका. आधी डिलीट करा.

अनंत
केलं.

अनंत
'माझ्यासाठी' वर बोट पडलं. मला आता दिसत नाही. तुम्हाला दिसतंय का?

यश
दिसतंय काका. ठळक दिसतंय.

अ‍ॅड. नीलेश
आता निघालंच आहे तर ऐका. ती ३० वर्षं म्हणजे मुदत कायद्यात सरकारला दावा लावायला दिलेली मुदत. शेड टाकली, केळी लावल्या म्हणून जमीन आपली होत नाही. रेल्वेच्या जागेला १९७१ चा सरकारी जागांवरील बेकायदा कब्जे हटवण्याचा कायदा लागतो. इस्टेट ऑफिसर नोटीस काढतो, म्हणणं ऐकतो, आदेश देतो. दिवाणी कोर्टात जाऊन वर्षानुवर्षं तारखा घेता येत नाहीत.

सुलभा वहिनी
केळीच्या घडातली दोन-दोन डझन केळी सगळ्यांच्या घरी येतात. तेव्हा कोणी इस्टेट ऑफिसर आठवला नाही.

उदय (सी-१०३)
तुम्ही केळी मोजत बसा. चालायचा ट्रॅक वगैरे सगळं नाटक आहे. रेल्वेच्या दुपदरीकरणासाठी, दुसरा मार्ग टाकायला जागा मोजतायत. आधी लोकांना फिरायला द्यायची, मग एक दिवस कोळशाच्या वाघिणी. आपल्या गोव्यात चांदरला २०२० मध्ये लोक दुपदरीकरणाविरुद्ध रात्रभर रुळांवर बसले ते उगाच नाही.

अ‍ॅड. नीलेश
उदय, कुळे ते कॅसलरॉक टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये रद्द केली. आणि आपली पट्टी चालू मार्गावर नाहीच. नव्वदच्या दशकात मीटर गेजचं ब्रॉडगेज झालं तेव्हा वळण सरळ केलं, जुनं वळण आपल्या मागे राहिलं. ते वळण परत वापरून कोणाला काय मिळणार?

वामनकाका
बरोबर. त्या वळणावर मी चावीवाला होतो. पहिली गाडी यायच्या आत हातोडी घेऊन रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या ठोकत जायचो. वळणाच्या मध्यावर दगडी कमानीची मोरी आहे, चार फुटांची. मोरीचं काय?

मंगलाताई (सी-३०१)
रोहनला विचारलं. तो सिएटलजवळ कर्कलंडला राहतो ना, तिथे हेच झालंय. बंद पडलेल्या रेल्वेची सव्वानऊ किलोमीटरची पट्टी त्या शहराने २०१२ मध्ये ५० लाख डॉलरला विकत घेतली. रूळ काढले, बारीक खडी दाबून बसवली आणि २०१५ च्या जानेवारीत लोकांना खुली केली. तो सायकलने ऑफिसला त्यावरूनच जातो. किती शिस्तीत!

शिल्पा
रोहनच्या गावात गाई नसतील बसलेल्या मधोमध.

मंगलाताई
शिल्पा, चांगलं ते घ्यावं माणसाने. टोमणे मारायला अख्खा दिवस आहे.

उदय
मंगलाताई, रोहनला विचारा, तिथे कोणी विरोध केला नाही का?

मंगलाताई
केला म्हणे. एका लहान रेल्वे कंपनीला तिथून पुन्हा मालगाडी न्यायची होती. रूळ काढू नका म्हणून ती वरपर्यंत गेली, पण रूळ निघालेच. आणि तिथे १९८३ पासूनचा कायदा आहे, रेल्वे बंद झाली तरी पट्टीचे तुकडे पडू द्यायचे नाहीत. तोवर लोकांनी चालावं, पुढेमागे रेल्वे लागली तर पट्टी तयार.

उदय
बघा!! मी तेच म्हणतोय. ट्रॅक म्हणजे रेल्वेसाठी राखून ठेवलेली जागा. तुमच्या रोहननेच सांगितलं.

अ‍ॅड. नीलेश
तो अमेरिकेचा कायदा आहे रे. आपल्याकडे रेल्वेची जमीन केंद्राची. पालिकेने टेप लावली म्हणून पालिकेची होत नाही. रेल्वेने भाडेपट्ट्याने नाहीतर हस्तांतर करून द्यायला हवी. आणि पडीक जमिनीतून पैसा काढायला २००५ च्या कायदा दुरुस्तीने रेल भूमी विकास प्राधिकरण उभं केलंय. रेल्वेला तिथे दुकानांचे गाळे काढण्यात जास्त रस असला तर आपला ट्रॅकही गेला आणि शेडही गेली.

अनंत
गाळे आले तर मी एक बुक करतो.

उदय
एक मुद्दा राहिला. ती जमीन रेल्वेला आली कुठून? माझ्या आजीचं भाट (माडांची बाग) होतं त्या वळणाला. रेल्वेचं काम संपलं तर मूळ मालकाला परत द्या.

अ‍ॅड. नीलेश
हा प्रश्न अमेरिकेतही कोर्टात गेला. तिथे पुष्कळ ठिकाणी रेल्वेला फक्त वहिवाट, म्हणजे वापराचा हक्क दिलेला होता. वायोमिंगच्या एका शेतमालकाच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये निकाल दिला, रेल्वे गेली की वहिवाट संपली, जमीन मालकाची. आपल्याकडे पाच वर्षं न वापरलेली जमीन मालकाकडे किंवा सरकारच्या लँड बँकेत जाते, पण ते २०१३ च्या कायद्याखाली घेतली असेल तर. आपली रेल्वे मुरगावहून घाटावर गेली १८८८ च्या सुमारास, पोर्तुगीज अमलात. आजीकडे तेव्हाचा कागद आहे?

उदय
कागद पेटीत होता. पेटी मडगावच्या काकांकडे. काकांशी बोलणं नाही.

फर्नांडिस अंकल (ए-७)
हांव फाल्यां पालिकेंत वचून विचारतां. कोण येता म्हजेवांगडा?

प्रकाश सेक्रेटरी
धन्यवाद अंकल. कमिटीतर्फे उद्या मी येईन. दहा वाजता. (दुपारी लग्नाला जायचंय.)

वामनकाका
जाताय तर मोरीचंही विचारा. आज सकाळी बॅटरी घेऊन वरच्या अंगाने आत वाकून बघितलं. निम्म्याच्या वर गाळ. वर अडकलेली शहाळ्याची टरफलं, थर्माकोलचा मासळीचा डबा, पालापाचोळ्याची पोती आणि एक प्लास्टिकची खुर्ची, तीन पायांची. खुर्चीच्या पाठीवर पेंटने 'सी विंग' लिहिलंय.

यश
😂😂

मंगलाताई
आमच्या विंगची खुर्ची तिथे कोणी टाकली ते आधी शोधा. सी विंगचं नाव उगाच खराब होतं.

सुलभा वहिनी
पालापाचोळा सगळेच भिंतीपलीकडे टाकतात. फक्त माझ्याकडे बघू नका.

शिल्पा
आणि मासळीचा डबा? वासाने आमच्या बेडरूमची खिडकी उघडता येत नाही चार दिवस.

प्रकाश सेक्रेटरी
कृपया विषयाला धरून बोलावं.

वामनकाका
हाच विषय आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तीनेक हजार मिलिमीटर पडतो. डोंगराकडचं सगळं पाणी रेल्वेच्या बांधाला येऊन थांबतं आणि त्या एका मोरीतून पलीकडे जातं. मोरी तुंबली की बांध धरणासारखा पाणी धरतो. दोन वर्षांमागे माझ्या हॉलमध्ये टीपॉय तरंगत होतं ते नळ फुटल्यामुळे नव्हतं. अमेरिकेची बारीक खडी आपल्या मिरगात टिकणार नाही, दोन पावसांत ओढ्यात जाईल. ट्रॅकचं काम निघालं तर मोरी मोठी करून घ्यायची हीच संधी. मोरी बुजवून बांध सपाट करून टाकला तर मात्र बोंबला.

यश
हे कोणी आधी का नाही सांगितलं?

वामनकाका
सकाळपासून सांगतोय.

अनंत
काका, शेडची मागची भिंत मी मोरीच्या तोंडापासून दोन हात सोडूनच बांधलीय.

वामनकाका
दीड हात. मोजलंय मी.

अनंत
आता मोजणीवाल्यांनी तुम्हालाच नेमावं.

अ‍ॅड. नीलेश
भाऊ, पुन्हा ग्रुपवर. डिलीट करा. सर्वांसाठी. नीट बघून.

प्रकाश सेक्रेटरी
ठरलं. आपण दोन ओळींचं निवेदन देऊ. ट्रॅकला विरोध नाही, बांधाखालची मोरी मोकळी आणि मोठी ठेवावी. शेड, केळी याबद्दल काही लिहायचं नाही. सहमत असाल तर 👍

(👍 १९)

सुलभा वहिनी
घड पंधरा दिवसांत तयार होतोय. तेवढं थांबायला सांगा त्यांना.

वामनकाका
निवेदनाने गाळ निघत नाही. उद्या सकाळी सात वाजता दोन माणसं बोलावलीत, मजुरी मी देतो, नंतर हिशोब करू. मागच्या गेटची चावी हवी. वरच्या अंगाने माणूस आत शिरत नाही.

प्रकाश सेक्रेटरी
चावी वॉचमनकडे.

शिल्पा
वॉचमन म्हणतो सेक्रेटरींनी नेली.

प्रकाश सेक्रेटरी
मी शिमग्यात परत दिली.

यश
वामनकाका चावीवाला होते ना? 😄

वामनकाका
मी रुळाच्या चाव्या बघायचो. त्यातली एकही हरवली नाही.

फर्नांडिस अंकल
कुलूप मोडूं या?

प्रकाश सेक्रेटरी
नको, नवं कुलूप साडेतीनशेचं आहे. ज्यांच्याकडे चावी असेल त्यांनी रात्री दहाच्या आत ए विंगच्या मीटर बॉक्सवर ठेवावी. कोणी काही विचारणार नाही.

शिल्पा, रात्री ९.४८
आली का?

वामनकाका, ९.५२
आली. चावीला मासळीचा वास आहे.

सुलभा वहिनी, ९.५३
वामनभाऊ, उद्या माणसांना चहा मी देते. कढीपत्त्याच्या झाडाला कोणी फावडं लावू नका तेवढं.