शब्दचर्चा: ‘स्टेकहोल्डर’ला ‘भागधारक’ म्हणावं का?

वारणाकाठ:
खाणीतल्या टाकाऊ दगडमातीची आणि गाळाची सफाई कुठल्या तंत्राने करायची हे ठरवताना तज्ज्ञांसोबत स्टेकहोल्डरनाही, म्हणजे त्या कामाशी ज्यांचं बरंवाईट जोडलेलं आहे अशा सगळ्यांनाही, कसं सामील करून घ्यावं, या विषयावरच्या एका अमेरिकी मजकुराचा अनुवाद करतेय. आमच्याकडे दगडखाणी आणि क्रशर पुष्कळ, त्यामुळे ग्रामसभेत मोठ्याने वाचता येईल असं मराठी हवंय. बऱ्याच कागदांत ‘भागधारक’ दिसतं. सांगलीत तो शब्द उच्चारला की साखर कारखान्याचा नाहीतर बँकेचा शेअर डोळ्यांपुढे येतो. ‘हितसंबंधी’ म्हणावं तर ऐकणाऱ्याला कुणाचं तरी साटंलोटं आहे असं वाटतं. शिवाय ‘क्लीनअप’ला ‘विल्हेवाट’ चालेल का?

कोयनाखोरे:
भागधारक नकोच. शेअर माणूस पैसे मोजून घेतो आणि नको झाला की विकून मोकळा होतो. खाणीच्या खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे त्याने काही विकत घेतलेलं नसतं आणि त्याला मोकळंही होता येत नाही.
आपल्या साताऱ्यात कोयनेपासून ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द घरोघरी माहीत आहेत. त्यांना धार आहे. पण ‘ग्रस्त’ म्हटलं की भरपाई मागणारा माणूस समोर येतो, आणि इथे त्याला तंत्र पारखायला बसवायचंय. ‘बाधित’ वापरा. हा शब्द शेतकऱ्यांच्या ओठी आहे, पंचनाम्यात असतो, आणि बाधिताने मत द्यावं हे कुणाला खटकत नाही.

माणदेशी:
‘हितधारक’ का नको? हल्ली सगळीकडे तोच असतो.

कोयनाखोरे:
हिंदीतून आलाय म्हणून माझी हरकत नाही. बोलताना कुणी वापरत नाही, ही हरकत आहे. ग्रामसभेत वाचून बघा.

येरळाकाठ:
शब्द ठरवण्याआधी हे लोक त्या बैठकीत नेमकं काय करतात ते पाहू.

अमेरिकेत सोडून दिलेल्या घातक जागांच्या सफाईसाठी १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. उपाय निवडण्याचे जे नऊ निकष त्याच्या नियमांत आहेत, त्यांतला शेवटचा आहे स्थानिक समाजाची मान्यता. आणि मला सर्वात मोलाची वाटते ती तरतूद अशी, की तिथल्या नागरिकांच्या गटाला स्वतःचा स्वतंत्र तांत्रिक सल्लागार नेमायला अनुदान मिळतं, सुरुवातीला ५०,००० डॉलरपर्यंत. म्हणजे तज्ज्ञ एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला अशी विभागणीच राहत नाही. तज्ज्ञ गावाचाही असू शकतो.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणी आहे, किमान ३० दिवस आधी सूचना देऊन. पण ती प्रकल्प सुरू होण्याआधीची. मागे राहिलेल्या ढिगाचं काय करायचं, हे ठरवताना लोकांना कधी विचारायचं याचा रिवाज आपल्याकडे रुजलेला नाही, आणि तो रुजायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता तंत्राकडे या. खाणीच्या ढिगातली गंधकयुक्त खनिजं हवा-पाण्याच्या संपर्कात आली की आम्लपाणी होतं. ते जमिनीखाली चुनखडी भरलेल्या चरातून सोडलं तर आम्ल मारलं जातं. पण पाण्यात प्राणवायू मिसळला असेल तर लोहाची पुटं चुनखडीवर चढतात आणि चर निकामी होतो. हे रसायनतज्ज्ञच सांगणार. तोच चर कुठल्या ओढ्याला काढायचा, मृगात तो ओढा कुठून फुटतो, उन्हाळ्यात कुठल्या डबक्यावर जनावरं जातात, हे गुराखी सांगणार. पाणथळ करून त्यात या पाण्यातले धातू अडवायचे ठरले तर जागा लागते, आणि जागा म्हटलं की गावच्या गायरानाकडे बोट जातं. ढिगावर गवत लावलं तर तिथे शेळ्या जाणारच. त्या गवतात धातू उतरतो का, हे न विचारता तंत्राला पैकीच्या पैकी गुण कसे देणार?

आपला काळा पाषाण बेसाल्ट. त्यात अशी खनिजं फारशी नसल्याने आम्लपाणी हा इथला प्रश्न नाही; इथे धूळ, कच आणि पावसात रानात उतरणारा गाळ. अनुवादात दोन्ही गोष्टी एक करू नका, नाहीतर आपली माणसं विहिरीत नसलेलं आम्ल शोधत बसतील आणि उरावरची धूळ राहून जाईल.

माणदेशी:
लोक आणि जाणकार एकत्र बसल्याचं उदाहरण लांब शोधायला नको. येरळेवरचं बळीराजा धरण आपल्याच खानापूर तालुक्यातलं. वाळूउपशाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांनीच मोजकी वाळू विकून धरणाला पैसा उभा केला, सोबत अभियंते होते. त्या चळवळीच्या बोलण्यात ‘स्टेकहोल्डर’ नव्हताच. ‘लाभधारक’ होता, ‘समन्यायी’ म्हणजे सगळ्यांना सारख्या न्यायाने पाणीवाटप होतं.

येरळाकाठ:
लाभधारक कालव्याच्या पाण्याला शोभतो. विषारी गाळाचा लाभ कसला?

राहिली ‘विल्हेवाट’. विल्हेवाट लावली म्हणजे प्रकरण मिटलं. इथे मिटत नाही. माँटाना राज्यातल्या ब्यूट गावची बर्कली पिट ही तांब्याची खाण १९८२ मध्ये बंद झाली, पंप थांबले आणि खड्डा आम्लपाण्याने भरत गेला. १९९५ मध्ये त्या पाण्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. ते पाणी आजही शुद्ध करत राहावं लागतं, आणि पुढेही लागणार. चुना घालून पाणी शुद्ध केलं की खाली गाळ बसतो, तो टाकायला पुन्हा जागा हवी. म्हणून ‘बंदोबस्त’ म्हणा. बंदोबस्त ठेवावा लागतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

वारणाकाठ:
बंदोबस्त पटला. ‘बाधित’ही घेते, पण तो सगळ्यांना पुरत नाही. खाणमालक, खाणीवरचे मजूर, तहसील कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, यांना बाधित म्हणता येणार नाही. तेव्हा पहिल्या उल्लेखात सगळ्यांची नावं घेईन आणि पुढे ‘बाधित व संबंधित’ एवढंच. वाक्य असं केलंय:
“खाणीच्या गाळाचा बंदोबस्त कोणत्या तंत्राने करावा हे तज्ज्ञांनी बाधित व संबंधित लोकांसोबत बसून ठरवावं, खर्च, जागा आणि पुढची देखभाल कोणाकडे, हे आधी सांगावं.”

कोयनाखोरे:
‘पुढची देखभाल’च्या आधी ‘किती वर्षं’ घाला. बाकी वाचायला घ्या.