मदत हवी आहे: गाय मोटर्स नेमकी कशामुळे बुडाली?

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या गाय मोटर्स (हो, उच्चार गायच, हसू नका) या बस-ट्रक बनवणाऱ्या कंपनीवर लेख लिहितोय. १९१४ ची स्थापना, दुसऱ्या महायुद्धातल्या दणकट 'अरब' डबलडेकर, १९६१ मध्ये दिवाळं आणि जग्वारने केलेली खरेदी, इथपर्यंत पक्कं आहे. गाडी अडलीय ती कारणाशी. बसप्रेमी सगळं खापर कंपनीच्या 'वुल्फ्रुनियन' या डबलडेकर मॉडेलवर फोडतात: इंजिन पुढच्या दाराशेजारी, एअर सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, एकाच बसमध्ये इतके प्रयोग! पण दक्षिण आफ्रिकेत स्वतः विक्री सुरू करून खाल्लेला तोटाही मोठा होता. नेटवरचे लेख वाचून झाले, ताळेबंदाचे आकडे सापडले नाहीत. इंग्लंडला जाणं शक्य नाही, स्कॅन चालतील. १९५७ ते १९६१ चे कंपनीचे वार्षिक अहवाल कुठल्या अभिलेखागारात मिळतील?