स्किझोफ्रेनियातील भ्रम आणि मेंदूतील श्वेतद्रव्य: डीटीआय करून घ्यावे का?

रानवारा: माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले आहे. आपल्या मनातले विचार शेजाऱ्यांना ऐकू जातात, अशी त्याची ठाम समजूत आहे. एमआरआयमध्ये काही दोष आढळला नाही. मात्र या आजारात मेंदूचे भाग जोडणारे श्वेतद्रव्यातील तंतू बिघडतात, असे वाचनात आले. मग ते तंतू दाखवणारी डीटीआय तपासणी करून घ्यावी का?

अश्वत्थ: निदानासाठी तिचा उपयोग होत नाही. डीटीआय पाण्याच्या रेणूंचा प्रसार मोजते. तो तंतूंच्या दिशेने जास्त आणि आडवा कमी होतो, आणि हा दिशाभेद ‘एफए’ या आकड्यात मांडतात. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी व्यक्तींची तुलना केली, तेव्हा २५ पैकी २० भागांत रुग्णांचा सरासरी एफए कमी भरला. दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझममध्ये फरक विशेष ठळक होता. तरीही दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एकट्या व्यक्तीच्या आकड्यावरून ती कोणत्या गटातली हे ठरवता येत नाही. शिवाय तंतू एकमेकांना छेदून जात असले किंवा तपासणीत डोके हलले, तरीही एफए घटतो.

मीनाक्षी_द: भ्रमाशी, म्हणजे खोट्या पण ठाम समजुतीशी, या तंतूंचा संबंध कसा जोडतात, हेही सांगायला हवे. फ्रिस्टन आणि फ्रिथ या मेंदू-संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार दोष एखाद्या भागापेक्षा भागांमधल्या समन्वयात असतो. आपण बोलतो तेव्हा मेंदूने दिलेल्या बोलण्याच्या आज्ञेची एक प्रत मेंदूच्या श्रवणभागाकडे जाते, आणि म्हणून स्वतःचा आवाज ओळखीचा वाटतो. तंतूंमधल्या बिघाडामुळे ती प्रत उशिरा पोहोचली तर स्वतःचेच शब्द परके वाटू शकतात. प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येण्याला हे स्पष्टीकरण बरे लागू पडते. तुमच्या भावाच्या भ्रमाला मात्र ते ताणूनच लावावे लागते, असे माझे मत आहे. त्यातच २००४ च्या एका अभ्यासात आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांच्या भाषेशी निगडित तंतूंमध्ये एफए कमी नव्हे, तर जास्त आढळला होता!

रानवारा: मग साधा एमआरआय तरी कशासाठी केला?

अश्वत्थ: इतर आजार वगळण्यासाठी. उदाहरणार्थ, मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आनुवंशिक आजारात तंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण नष्ट होते आणि किशोरवयात किंवा तरुणपणी तो आजार भ्रम व भास यांनी सुरू होऊ शकतो. तिथे श्वेतद्रव्यातील बदल साध्या एमआरआयमध्येच दिसतात. चाल बिघडणे किंवा स्मरणशक्ती व समज झपाट्याने खालावणे, असे काही भावाच्या बाबतीत जाणवले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा.