मोंझावर जीटी3 गाडी: गिअर स्वतः बदलावेत की ऑटोमॅटिक ठेवावेत?

सारथी

मी ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम स्टिअरिंग आणि पेडल जोडून खेळतो. गाडी फेरारी 488 जीटी3 (जीटी3 म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा वर्ग), सर्किट बहुतेक वेळा इटलीतले मोंझा आणि गिअर ऑटोमॅटिकवर ठेवलेले. त्यामुळे ब्रेक आणि वळणाची रेषा यांवर लक्ष देता येते हे खरे. परंतु हीच गाडी घेतलेले आणि माझ्याइतक्याच उशिरा ब्रेक लावणारे स्पर्धक वळणातून बाहेर पडताना सहज पुढे निघून जातात. गिअर हाताने बदलल्याने खरोखरच वेळ वाचतो का? आणि वाचत असेल, तर स्टिअरिंगमागची पॅडल, म्हणजे बोटांनी ओढून गिअर बदलण्याच्या पट्ट्या, पुरेशी आहेत की क्लचसह गिअरचा दांडा वेगळा घ्यावा?

घाटमाथा

वाचतो. खेळातला ऑटोमॅटिक गिअर प्रामुख्याने इंजिनाचे फेरे पाहून चालतो. पुढे वळण आहे की सरळ रस्ता, याचा त्याला पत्ता नसतो. घाटात चढ दिसला की आपण गाडी गुदमरायची वाट न पाहता आधीच खालचा गिअर टाकतो, तसे त्याला जमत नाही.

मोंझाचे पहिलेच वळण घ्या. तिथे सहाव्यातून दुसऱ्यावर, म्हणजे चार गिअर खाली, यावे लागते आणि तेही ब्रेक दाबलेला असताना. हाताने बदलणारा चालक हे चारही गिअर ब्रेकिंगच्या अंतरात वाटून टाकतो आणि स्टिअरिंग वळवण्यापूर्वी मोकळा होतो. ऑटोमॅटिकमध्ये शेवटचा गिअर अनेकदा ऐन वळणात पडतो. इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागत असल्याने तेवढ्यात गाडीची मागची बाजू हलते, आपण ती सावरत बसतो आणि ॲक्सिलरेटर दाबायला उशीर होतो. तुम्ही मागे पडता ते बहुधा इथेच.

वर जातानाही तोच प्रकार. तुमच्या गाडीचे इंजिन टर्बोचे आहे आणि अशा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वरच्या फेऱ्यांवर उतरत जातो. निव्वळ उदाहरणादाखल धरा की तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर 1.5 आणि चौथ्याचे 1.2 आहे. मिनिटाला 7000 फेऱ्यांवर चौथा टाकला तर फेरे 5600 वर येतील. 7000 ला टॉर्क 320 न्यूटन-मीटर आणि 5600 ला 420 असेल, तर तिसऱ्यात 320 गुणिले 1.5 म्हणजे 480 आणि चौथ्यात 420 गुणिले 1.2 म्हणजे 504 इतका जोर चाकांकडे जातो. म्हणजे लाल रेषेपर्यंत (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) तिसरा ताणत बसलेली गाडी उगाच आवाज करते आहे. पावसात तर वरचा गिअर मुद्दाम लवकर टाकतात, म्हणजे चाकांवरचा जोर कमी होऊन ती जागेवर फिरत नाहीत. लांब शर्यतीत इंधन वाचवण्यासाठीही हाच उपाय करतात.

पिटलेन

वरील गणिताशी सहमत आहे, सल्ल्याशी पूर्णपणे नाही. ज्याचा ब्रेक लावण्याचा बिंदू दर फेरीला बदलतो, त्याने पॅडल हाती घेतले तर चुकांमध्ये भर पडेल, एवढेच. आधी सर्किटच्या सलग फेऱ्यांच्या वेळा जवळजवळ सारख्या येऊ द्याव्यात. शिवाय एका हाताची बोटे नीट चालत नसलेले लोकही हा खेळ आनंदाने खेळतात. ऑटोमॅटिक ही सोय आहे आणि ती वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

घाटमाथा

सोयीबद्दल दुमत नाही. परंतु ‘आधी रेषा, मग गिअर’ हा क्रम मला पटत नाही, कारण ब्रेकिंगचा अंदाज गिअर मोजतच पक्का होतो. पाच, चार, तीन, दोन असा ताल एकदा बसला की ब्रेक सोडण्याची जागाही आपोआप ठरते. शिवाय ऑटोमॅटिकवर जडलेली सवय पुढे मोडावी लागते, ती वेगळीच.

जुनेपाने

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. या गाडीसाठी दांडा घेऊ नये. खऱ्या 488 जीटी3 मध्येही सहा गिअरची सिक्वेन्शियल (गिअर क्रमाने एकेक बदलणारी) पेटी आणि पॅडलच आहेत, आणि एकदा गाडी जागेवरून हलली की क्लचचे काम संपते. फॉर्म्युला वनमध्ये पॅडलने गिअर बदलण्याची ही पद्धत फेरारी 640 ने आणली आणि 1989 च्या ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेलने त्या गाडीतून विजय मिळवला. गिअर कधी बदलायचा हे मात्र तिथेही चालकच ठरवत होता. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरला 2001 च्या स्पॅनिश शर्यतीपासून मुभा होती, ती 2004 पासून काढून घेण्यात आली.

सारथी

आभारी आहे. पॅडलवरच सुरुवात करतो. पुढे जुन्या गाड्या चालवाव्याशा वाटल्या, तर दांड्याची सवय व्हायला फार वेळ लागेल का? रस्त्यावरची गाडी मी रोज चालवतो.

जुनेपाने

पायांना फारसा लागणार नाही, हाताला लागेल. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने गिअर डाव्या हाताने टाकतो आणि पहिला गिअर शरीरापासून दूर असतो. अशा खेळांतल्या बहुतेक जुन्या युरोपीय गाड्यांत दांडा उजव्या हाताला येतो. गिअरच्या जागांचा नकाशा तोच, पण आता पहिला आपल्याकडे आणि पाचवा दूर. गडबडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरून शर्यत तिथेच संपू शकते. म्हणून पाचवा काढताना दांडा मुठीत आवळू नका. तळव्याने सरळ मागे ओढा, मधल्या रांगेत तो स्प्रिंगमुळे स्वतःच येतो.