कंदील सुंदर होता, पण...

'महिनाभराचं प्रशिक्षण दिलं की बांबूवर गावात रोजगार उभा राहतो,' असं सांगणारी तुमची बांबू-प्रशिक्षणाची पोस्ट वाचली. अर्धंच पटलं.

दोन दिवाळ्यांपूर्वी दादरच्या एका प्रदर्शनातून बांबूचा आकाशकंदील आणला. वीण अशी की बघत राहावं. पावसाळ्यात त्याच्याखाली रोज पिठासारखी पिवळसर भुकटी सांडायला लागली, कामट्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं. भुंगा! विणणारीचा हात चांगलाच होता हो, पण काठी अवेळी तोडलेली असणार. अशा बांबूत पिष्ट (स्टार्च) जास्त आणि कीड जगते त्यावरच. तीनेक वर्षांची काठी पावसाळा सरल्यावर तोडायची, बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवायची, सावलीत वाळवायची. कंटाळवाणं काम, उद्घाटनाच्या फोटोतही येत नाही. म्हणूनच बहुतेक राहून जातं.

कच्च्या मालाचं रडगाणं मात्र आता नको. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या लेखी 'झाड' राहिलेला नाही, म्हणजे तोडायला-न्यायला त्या कायद्याची आडकाठी नाही, आणि कोकणात माणगा जातीचा बांबू तर बांधाबांधावर आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुपं विणणारे बुरूडकाका कोयत्याच्या पाठीने काठी ठोकून आवाजावरून सांगतात, पिकलीय की नाही. तुमच्या प्रशिक्षणात अशांना मास्तर म्हणून कुणी बोलावलंय का?